स्वाध्यायाच्या तासाला बासरी लावावी का?

पाचवीला शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलंय. वर्गात 38 मुलं, शाळा रस्त्याला लागून, नोकरीचं तिसरं वर्ष. मुलं स्वाध्याय सोडवायला बसली की ते मोबाइलला छोटा स्पीकर जोडून बासरी, संतूर, कधी सिनेमातल्या गाण्यांच्या धून लावतात. वर्ग शांत होतो, असा त्यांचा अनुभव. मुख्याध्यापकांना ते पसंत नाही. “ही शाळा आहे, हॉटेल नव्हे,” असं ते म्हणाले. उलट दोन पालक मुद्दाम भेटून कौतुक करून गेले, संगीतानं मेंदूचा विकास होतो म्हणून. तर लावावं की बंद करावं, लावायचं तर कुठलं, आणि कशावर?

सर, मी 26 वर्षं वर्गावर आहे. पहिली नऊ वर्षं जावळीकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत काढली, नंतर तालुक्याच्या गावी आले. गाणं शिकलेली नाही, कान बरा आहे एवढंच. वर्गात संगीत लावायचा उद्योग मी बारा-एक वर्षांपूर्वी सुरू केला, मधे एक अख्खं वर्ष बंद ठेवला आणि आता पुन्हा करते. पण पहिल्यासारखा नाही. मधलं ते वर्ष का बंद ठेवला, त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. तिथं येतेच.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. संगीतानं मुलं चांगली शिकतात का, हा एक. संगीतानं वर्ग शांत राहतो का, हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याबद्दल लिहिलंय, पालक पहिल्याबद्दल बोलतायत, आणि मुख्याध्यापकांची काळजी बहुधा तिसरीच आहे: केंद्रप्रमुख अचानक आले तर काय म्हणतील! तिघांना एकच उत्तर देता येणार नाही.

पालकांचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. “मोझार्ट ऐकवला की मुलं हुशार होतात” ही गोष्ट 1993 सालच्या एका छोट्या प्रयोगातून निघाली. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात 36 विद्यार्थी होते, आणि तेही कॉलेजचे, शाळेतली पोरं नव्हेत. त्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली रचना दहा मिनिटं ऐकवली आणि लगेच घडी घातलेला कागद उलगडला तर कसा दिसेल, अशा तऱ्हेची कोडी घातली. त्यांना गुण जास्त पडले. पण परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हे त्याच अहवालात आहे. पुढं बातमी इतकी फुगली की 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत द्यायला 1,05,000 डॉलर मागितले. नंतर कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की करामत मोझार्टची नव्हतीच. ऐकणारा तरतरीत झाला, मूड बरा झाला, म्हणून कोडी बरी सुटली. ब्रिटनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर मोझार्टपेक्षा त्यांच्या आवडीच्या पॉप गाण्यांनंतर कोडी जास्त चांगली सुटली. आणि यात एक गोष्ट सगळेच विसरतात. या प्रयोगांत संगीत आधी ऐकवलं होतं आणि काम नंतर दिलं होतं. तुम्ही काम चालू असताना लावताय. ते प्रकरणच वेगळं.

काम चालू असताना काय होतं? इथं मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी: मूल वाचतं, आठवतं, हिशेब करतं तेव्हा ते मनातल्या मनात बोलत असतं. ऐकलेलं किंवा वाचलेलं काही क्षण डोक्यात धरून ठेवायचं तर ते आपण आतल्या आवाजात घोळवतो, नवा फोन नंबर लिहून घेईपर्यंत पुटपुटतो ना, तसं. अ‍ॅलन बॅडली नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं यावर पुष्कळ काम केलंय. बाहेरून येणारे शब्द कानांवर दार नसल्यानं आत घुसतातच, आणि आतल्या शब्दांशी त्यांची धक्काबुक्की होते. आकडे क्रमानं लक्षात ठेवायला सांगून मागं गाणं लावलं तर चुका वाढतात. नुसती वाद्यं असतील तर कमी वाढतात, पण काही वेळा त्याही वाढतात.

यावर आमच्या स्टाफरूममध्ये हमखास निघणारा मुद्दा म्हणजे, “मग संस्कृत स्तोत्रं लावा की, मुलांना अर्थ कुठं कळतो?” मलाही हे पटायचं. पण 1976 साली अमेरिकेत नेमकं हेच तपासलं गेलं होतं. विद्यार्थ्यांना अजिबात येत नसलेली जर्मन भाषा मागं वाचून दाखवली, तरी त्यांची स्मरणशक्ती लटपटली. म्हणजे अडचण नुसत्या अर्थाची नाही. सतत बदलणारा बोलण्याचा आवाज हीच अडचण. दुसरा मुद्दा मुलांचा असतो: “बाई, आमच्या आवडीचं लावा, मग लक्ष लागेल.” तेही तपासून झालंय. आकडे किंवा अक्षरं क्रमानं लक्षात ठेवण्याच्या कामात आवडतं गाणं आणि नावडतं गाणं सारखंच आड येतं. आवडीमुळं मुलाला बरं वाटतं, पण आठवायचं काम काही सोपं होत नाही.

याच्या उलटही निकाल आहेत, ते लपवत नाही. ब्रिटनमध्ये 2002 साली दहा ते बारा वर्षांच्या मुलांना हळू, शांत संगीतात गणितं दिली तर ती शांततेपेक्षा चांगली सोडवली गेली. पुढच्या प्रयोगात अंगावर येणारं, कर्कश संगीत लावलं तर स्मरणाचं काम बिघडलं. मी याचा अर्थ असा घेते की एक उत्तर नाहीच. काम कुठलं, संगीत कुठलं, मूल कुठलं आणि वर्गात आधीच आवाज किती, यावर सगळं आहे.

म्हणून वर्गातल्या कामाचे मी मनाशी दोन ढीग केलेत. एकात मूल मनात बोलतं, दुसऱ्यात त्याचे हात चालतात. मूकवाचन, उताऱ्यावरचे प्रश्न, निबंध, पत्र, पाठांतर, शाब्दिक उदाहरणं हे सगळं पहिल्या ढिगात. तिथं मी काहीही लावत नाही, बासरीसुद्धा नाही. नकाशा रंगवणं, चित्रकला, कार्यानुभव, भूमितीच्या आकृत्या, आलेख, सुंदर अक्षराचं अनुलेखन हे दुसऱ्या ढिगात. तिथं खुशाल लावते.

राहतात ती सरावाची गणितं, आणि तिथं फसायला होतं. हातात आलेला गुणाकार पोरगं हातानं करतं. नवा भागाकार मात्र ओठांनी करतं. बाकाजवळ उभं राहून ऐका: “सात पंचे पस्तीस, सात सख बेचाळीस, बेचाळीस जास्त झाले…” हे पुटपुटणं म्हणजे शब्दच. त्यामुळं माझी कसोटी आता एकच आहे. गणिताच्या तासाला मी वहीकडं बघायच्या आधी ओठांकडं बघते. पाच-सहाजणांचे ओठ हलत असले की स्पीकर बंद. पुढच्या आठवड्यात तीच गणितं तीच मुलं तोंड मिटून करायला लागतात, मग चालू.

आता तुमच्या “सिनेमातल्या गाण्यांच्या धून”कडं येते. त्या ताबडतोब बंद करा. मीही हे केलंय. शब्द नकोत म्हणून गाजलेल्या गाण्यांच्या बासरीवरच्या धून लावायची, आणि आपण किती शहाणपण केलं असं वाटायचं. एकदा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध तपासताना एका मुलीच्या वहीत मधेच एक ओळ आली, जिचा पावसाशी काही संबंध नव्हता. दोनदा वाचल्यावर ट्यूब पेटली. त्या दिवशी वाजत असलेल्या गाण्याचं ध्रुवपद होतं ते! तिला विचारलं तर तिला लिहिल्याचं आठवतही नव्हतं. ओळखीच्या गाण्यातले शब्द काढून टाकले म्हणून काय झालं? मूल ते स्वतःच्या पदरचे घालतं. म्हणजे जे टाळायला गेलो, तेच दुप्पट जोरानं झालं.

शास्त्रीय वादनातही एक मेख आहे. रागाचं वादन एका चालीत राहत नाही. आलापात ताल नसतो, सगळं संथ. मग तबला येतो, लय वाढते आणि शेवटी ‘झाला’, म्हणजे अगदी जलद वाजवायचा शेवटचा भाग. पहिली वीस मिनिटं मुलांची मान खाली, आणि तबल्याची पहिली थाप पडली की पेन्सिली बाकावर वाजायला लागतात. आमच्याकडे तर निम्मी पोरं ढोल-लेझीमच्या पथकातली, समेवर त्यांचे पाय आपोआप पडतात. झाला सुरू झाला की रंगवायचा वेगही वाढतो आणि रंग रेषेबाहेर. म्हणून लावायचंच तर नुसता आलाप लावते, तबला यायच्या आत थांबवते. जाणकार सहकारी नाकं मुरडतात, राग असा अर्धवट तोडू नये म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. पण मी मैफल भरवत नाहीये.

सगळ्यात चांगला चाललेला प्रकार सांगू? नुसता तंबोरा. मोबाइलवर तंबोऱ्याची अ‍ॅप मिळतात, त्यातलं कुठलंही. शब्द नाही, ताल नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. आमच्या संगीताच्या सरांचा आक्षेप होता की कुणी गात नसेल तर तंबोरा कशाला छेडायचा. मुलांनीही पहिले चार दिवस चेष्टा केली, मागच्या बाकावरून एकजण खर्जात “साऽऽ” लावायचा आणि सगळे फिदीफिदी. पाचव्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

इथवरचं थोडक्यात: मनात बोलायच्या कामाला काही नको, हातांच्या कामाला चालेल, ओळखीची धून कधीच नको, आणि जितकं कमी बदलणारं तितकं बरं.

पण मग तुमचा वर्ग शांत होतो तो का? आता त्या बंद ठेवलेल्या वर्षाची गोष्ट.

स्पीकरचा आवाज मागच्या बाकावर कसा येतो ते ऐकायचं म्हणून एकदा मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून शेवटच्या बाकावर ठेवला. एक दिवस संगीतासह, एक दिवस संगीताशिवाय, दोन्ही वेळा वीस मिनिटांचं ‘शांत काम’. घरी भाजी निवडताना ऐकायला बसले. संगीत नसलेल्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त कोण बोलत होतं? मी. “खाली बघून.” “पट्टी कुणाची पडली?” “दहा मिनिटं राहिली.” “शेजारच्याचं बघू नको.” “तारीख घातली का सगळ्यांनी?” मोजायला लागले आणि तिशीच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडून दिलं. म्हणजे जवळजवळ दर अर्ध्या मिनिटाला एक वाक्य, आणि प्रत्येक वेळी 41 माना वर. संगीताच्या दिवशी मी तिनदाच बोलले होते. का? बासरी चालू होती, तिच्यावर ओरडणं बरं दिसेना. जी शिस्त मुलांना लागली असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत होते, ती मला लागली होती.

मला जरा लाज वाटली, खरं सांगते. मग ठरवून संगीत बंद केलं आणि नुसतं तोंड बंद ठेवून बघितलं. सूचना फळ्यावर लिहायच्या. वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि दर पाच मिनिटांनी न बोलता खोडून बदलायची. कुणाला काही सांगायचं असेल तर त्याच्या बाकाशी जाऊन वाकून कानात सांगायचं. दोन आठवडे जड गेलं, मला आणि मुलांनाही, कारण बाई गप्प म्हणजे बाई रागावल्या असा त्यांचा समज. तिसऱ्या आठवड्यात वर्ग संगीताच्या दिवसांइतकाच शांत होता. उताऱ्याची उत्तरं तर आधीपेक्षा बरी यायला लागली.

तेव्हा सर, काही ठरवायच्या आधी तुम्हीही हे एकदा करा. वीस मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी एकटेच ऐका. कदाचित तुमच्या वर्गात असं काही नसेलही. तुमचं तिसरंच वर्ष आहे, मला ही सवय लागायला बरीच वर्षं गेली होती.

मग पुन्हा सुरू का केलं? एक कारण शेजारचा वर्ग. आमच्या आणि सहावीच्या वर्गात अर्धी भिंत विटांची, वरची अर्धी प्लायवूडची. तिकडं कविता चालीत म्हणायला लागले की इकडं मूकवाचनाचा बोजवारा. शेजारून येणारा आवाज म्हणजे तुटक तुटक शब्द, आणि नेमके तेच सगळ्यात जास्त त्रास देतात. तिथं हळू आवाजातला तंबोरा त्या शब्दांच्या कडा बोथट करतो. त्यामुळं पहिल्या ढिगाचा नियम मी एवढ्या एकाच बाबतीत मोडते: बाहेरून शब्द येत असतील तर मूकवाचनालाही तंबोरा. तुमची शाळा रस्त्यावर आहे, तर हे तुम्हालाही लागू पडेल. पण हॉर्न आणि ट्रक यांच्यावर मात करायला म्हणून आवाज वाढवत जाऊ नका. शाळेच्या पत्र्यावर जुलैचा पाऊस पडायचा तेव्हा मी मोबाइल पितळी तांब्यात ठेवून आवाज मोठा करायचा प्रयत्न केलाय. बासरी कमी आणि तांब्याच जास्त वाजायचा.

आवाजाचं गणित असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 साली सांगितलेली मर्यादा म्हणजे तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या वर नको. आमच्या वर्गात मुलं नसताना नुसते चार पंखे लावले तरी मोबाइलवरचं अ‍ॅप पन्नाशीच्या जवळ दाखवतं. अ‍ॅपचं माप ढोबळ असतं, पण तरी. शिक्षकाचं बोलणं नीट कळायला ते आजूबाजूच्या आवाजापेक्षा 15 डेसिबलनं तरी वर हवं, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुम्ही लावलेलं प्रत्येक संगीत तुमच्याच घशावर बसतं. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं शंभरेक वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं, त्याच्याच नावानं हा परिणाम ओळखतात. स्पीकर वाढवला की मुलांची कुजबुज वाढते, कुजबुज वाढली की आपण स्पीकर वाढवतो. लग्नाच्या हॉलमध्ये हेच होतं.

माझी चाचणी साधी आहे. तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. पहिल्या बाकावरच्या मुलाला नेहमीच्या आवाजात पुस्तकातली एक ओळ वाचायला सांगा. ती ऐकायला तुम्हाला थोडंसुद्धा पुढं झुकावं लागलं तर आवाज जास्त आहे.

आणि संगीताच्याही आधी आहे तो आवाज कमी करा. न्यूयॉर्कमध्ये उंचावरच्या रेल्वेमार्गाला लागून एक शाळा होती. 1975 साली तिथं आढळलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात पलीकडच्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभरापर्यंत मागं पडतायत. मग रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांत आवाज शोषणारी छतं केली, आणि नंतर पाहिलं तर तो फरक उरला नव्हता. आपल्याला छत कोण देतंय? पण बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून तारेनं आवळले की फरशीवरचं ते कर्र्र बंद होतं. पंक्चरवाल्याकडं ट्यूब फुकट मिळते. दाराच्या बिजागरीला तेल घाला. रस्त्याकडच्या खिडक्या मूकवाचनाच्या वेळी लावून घ्या, उन्हाळ्यात अर्थातच जमणार नाही.

दुसरं कारण, ज्यासाठी मी संगीत मनापासून वापरते, ते म्हणजे कामांच्या मधला वेळ. रंगपेट्या आवरा, कागदाचे कपटे उचला, हात धुऊन या, गणिताची वही काढा. या चार गोष्टींत आमच्याकडे दहा मिनिटं आणि माझा अर्धा घसा जायचा. आता तीन मिनिटांचा एकच तुकडा आहे, वर्षभर तोच. तो लागला की आवरायचं, संपला की जागेवर. महिनाभरात मुलांना तो कानानं पाठ झाला. शेवटच्या वळणावर संतूर वर चढतं तिथं धावपळ सुरू होते, बेसिनपाशी कुणी रेंगाळत असेल तर बाकीचे ओढून आणतात. मला एक शब्द बोलावा लागत नाही. इथं शब्दांचं गाणंही चालतं, कारण कुणी वाचत-लिहीत नसतं. पण तुकडा बदलू नका, बदललात की घड्याळ गेलं.

काही मुलांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. माझ्या वर्गात एक मुलगा कानाला यंत्र लावायचा. संगीत सुरू झालं की त्याचा हात हळूच कानामागं जायचा आणि यंत्र बंद व्हायचं. मला वाटायचं खाज येत असेल. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आईनं सांगितलं की यंत्र सगळंच मोठं करतं, बासरीही आणि बाईंचा आवाजही, त्यातून त्याला काहीच वेगळं काढता येत नाही. तो संगीत संपेपर्यंत बहिरा बसून राहायचा, आणि मी त्याच्या एकाग्रतेचं कौतुक करायचे. स्वमग्न मूल असेल, लक्ष टिकत नाही असं मूल असेल, नुकतीच मराठी शिकणारं परप्रांतीय मूल असेल, तर त्याला एकट्याला विचारा. सगळ्या वर्गाला हात वर करायला सांगू नका. संगीत हवं का म्हटल्यावर पाचवीत कोण नको म्हणणार? एखाद्याला नको असेल तर त्याला स्पीकरपासून लांबचा बाक, आणि दोघा-तिघांना नको असेल तर त्या तासाला संगीत नाही. हे मतदानावर सोडायचं नसतं.

मोठ्या वर्गांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आठवी-नववीची मुलं घरी कानात इअरफोन घालून अभ्यास करतात म्हणून तक्रार येते. त्यांना एवढंच सांगते की बोर्डाच्या परीक्षेत तीन तास कुणी काही लावून देणार नाही, तेव्हा निम्मा अभ्यास तरी तशाच शांततेत करा. गणिताचा सराव करताना ऐकलं तर मी वाद घालत नाही.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांचा मुद्दा सगळाच चुकीचा नाही. बाहेरून जाणाऱ्याला वर्गात संगीत ऐकू आलं तर मुलं शिकतायत की बसवून ठेवलीत, हे कळत नाही. त्यांना जाऊन सांगा की चित्रकला, कार्यानुभव आणि आवराआवर एवढ्यापुरतंच लावतो, वाचनाला शक्यतो नाही, आणि आवाज दाराबाहेर येत नाही. मग त्यांना वर्गात बोलवा, दाराबाहेर नाही, आत, आणि दहा मिनिटं बसू द्या. आमच्या त्या वेळच्या मुख्याध्यापिका अशा येऊन बसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तुम्ही आज एवढ्या गप्प कशा?” कायद्याचं कुणी काढलंच तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात, श्रोते फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील, तर ध्वनिमुद्रण वाजवायला सूट आहे. पण त्याच तासाचा व्हिडिओ संगीतासकट पालकांच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकलात तर तो त्या सुटीत बसेलच असं नाही.

राहिला कशावर लावायचं हा प्रश्न. महागडा स्पीकर नको. लहानसाच घ्या, आणि फळ्याजवळ टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यावर, भिंतीकडच्या कपाटावर ठेवा. फळ्याजवळ ठेवला की मागच्यांना ऐकू यावा म्हणून वाढवावा लागतो आणि पुढच्यांच्या कानात तो बोलतो. आणि थेट यूट्यूबवरून कधीही लावू नका. मी लावलं होतं. कार्यानुभवाचा तास, चाळीसच्या वर मुलं कागदाच्या पणत्या करतायत, खोलीत फक्त कात्र्यांचा आवाज, खाली संथ आलाप, आणि दारात नेमक्या केंद्रप्रमुख मॅडम. आलाप थांबला आणि वॉशिंग पावडरची जाहिरात सुरू झाली. पहिल्या सुरालाच अख्ख्या वर्गानं ती जाहिरात एका आवाजात, न चुकता, शेवटपर्यंत म्हटली. मॅडम दारातूनच म्हणाल्या, “पाठांतर चांगलं आहे हो मुलांचं.” तेव्हापासून फाइल आधी फोनमध्ये घेऊन ठेवते आणि तासाला फोन एअरप्लेन मोडवर.